आपल्या माणसांचं तारण आणि आपली आशा

कोणी लोकलमध्ये ऐकत असेल, कोणी भांडी घासता घासता, कोणी रात्री लाइट बंद करून. आजचा विषय थोडा जड आहे, त्यामुळे जमलं तर निवांत ऐका.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीचा व्हॉइस मेसेज आला. ती घरात एकटीच विश्वासी. तिचे बाबा अचानक गेले, आणि प्रभूवर विश्वास न ठेवता गेले. दोन मिनिटांच्या त्या मेसेजमध्ये दीड मिनिट ती नुसती रडत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "ताई, आता मी स्वर्गाची गाणी कुठल्या तोंडानं म्हणू?"

मी तिला लगेच उत्तर दिलं नाही. कारण हा प्रश्न माझाही आहे.

माझे आजोबा, म्हणजे आईचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. नगर जिल्ह्यातलं गाव, गळ्यात तुळशीची माळ, आणि पाय चालत होते तोवर आषाढीची वारी चुकली नाही. माझी आई लग्नानंतर विश्वासात आली. आबा तिच्यावर कधी चिडले नाहीत, पण स्वतः आपल्या विठ्ठलाला सोडून कुठे गेलेही नाहीत.

मी एकोणीस वर्षांची असताना एका युवक शिबिराहून परत आले. अंगात नुसता उत्साह. दिवाळीला गावी गेलो, सगळे फराळाला बसले होते, आणि मी आबांना सगळ्यांसमोर सांगितलं की तुम्ही प्रभूला स्वीकारलं नाही तर नरकात जाल. आबा काही बोलले नाहीत. हातातली चकली ताटात ठेवली आणि उठून ओट्यावर जाऊन बसले. आई आत जाऊन रडली. मला तेव्हा वाटलं की मी धैर्याने साक्ष दिली. आज वाटतं, मला आबांची काळजी होती हे खरं, पण त्या काळजीत भीती जास्त होती आणि माया कमी.

आता जरा मागे जाऊ. आपल्याच नगरशी नातं असलेली गोष्ट आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक तुम्हाला माहीत आहेत, त्यांची गीतं आपण उपासनेत गातो. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण ही गोष्ट आनंदाने सांगतो. पण तीच गोष्ट लक्ष्मीबाईंच्या बाजूने ऐका. नवरा जिवंत आहे, पण धर्म सोडून गेला. त्या काळात ब्राह्मण घरातल्या बाईसाठी ते संसार मोडल्यासारखंच होतं. त्या नातेवाइकांकडे राहिल्या. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर नक्की वाचा, त्यात हे सगळं दुःख आहे, आणि हसूही आहे.

मला यातून पहिली गोष्ट कळली ती ही. आपण समजतो की काळजी फक्त आपल्याला आहे. पण आपल्या घरच्यांनाही आपली तितकीच काळजी असते. तुम्ही चर्चला जायला लागलात तेव्हा तुमची आई का रडली? तिला वाटलं, माझं लेकरू हरवलं. तुम्ही तिच्यासाठी गुडघ्यावर आहात, आणि ती तुमच्यासाठी देवघरासमोर बसली आहे. हे आधी ओळखा, म्हणजे तुमच्या बोलण्याचा सूर आपोआप बदलेल.

पुढे काय झालं? लक्ष्मीबाई परत टिळकांकडे राहायला आल्या, पण स्वतःचा धर्म आणि सोवळं सांभाळूनच. टिळकांनी ते चालू दिलं. जातिभेद देवाने केलेला नाही हे हळूहळू त्यांच्याच मनाला पटत गेलं. १९०० मध्ये, म्हणजे टिळकांनंतर पाच वर्षांनी, त्यांचा बाप्तिस्मा झाला. १९१९ मध्ये टिळक वारले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं होतं. ते कोणी पूर्ण केलं? लक्ष्मीबाईंनी. १८९५ मध्ये त्या घरात कोणाला हे खरं वाटलं असतं?

म्हणून जिवंत असलेल्या कोणाबद्दलही "तो काही बदलणार नाही" असं म्हणू नका. आणि पाच वर्षांनाही घाबरू नका.

पण थांबा. सगळ्यांच्या गोष्टी अशा संपत नाहीत. माझ्या मैत्रिणीच्या बाबांची नाही संपली. मग?

इथे मी तुम्हाला खोटं समाधान देणार नाही. पवित्र शास्त्र न्यायाबद्दल बोलतं, प्रभू येशू स्वतः बोलतो, आणि ते खोडून टाकायचा अधिकार मला नाही. मंडळ्यांमध्येही यावर एकमत नाही. काही जण म्हणतात, ज्याने तोंडाने कबूल केलं नाही त्याच्यासाठी दार बंद. कॅथलिक चर्चने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६४ मध्ये, असं शिकवलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. तुमचे पाळक काय शिकवतात ते त्यांना नक्की विचारा.

मी स्वतः तीन ठिकाणी टेकते. पहिलं, रोमकरांस पत्राचा नववा अध्याय. पौल आपल्या भाऊबंदांसाठी इतका दुःखी आहे की त्यांच्यासाठी स्वतः ख्रिस्तापासून वेगळं व्हायलाही तयार आहे. म्हणजे हे दुःख अविश्वास नाही. प्रेषितालाही ते होतं. दुसरं, उत्पत्तीचा अठरावा अध्याय. अब्राहाम देवाला तोंडावर विचारतो की सगळ्या पृथ्वीचा न्यायाधीश योग्य तेच करणार ना? देव त्याच्यावर रागावत नाही, उभा राहून ऐकतो. तिसरं, लूक तेवीस, वधस्तंभावरचा चोर. त्याची आई त्या दिवशी घरी असेल, तर तिला काय वाटलं असेल? पोरगा पापातच मेला. शेवटच्या काही तासांत काय बोलणं झालं, ते तिला कुठून कळणार?

तुमच्या बाबांच्या शेवटच्या तासात काय झालं ते तुम्हालाही माहीत नाही. मी असं म्हणत नाही की ते नक्की वाचले. मी म्हणते की ते नक्की गेले असंही तुम्ही म्हणू नका. न्याय करणारा तोच आहे, ज्याच्या हाताला खिळ्यांचे व्रण आहेत. आपली आशा आपल्या हिशोबावर नाही, त्या हातांवर आहे.

मग जे आज आपल्यासोबत आहेत त्यांच्यासाठी काय करायचं? फॅमिली ग्रुपवर रोज वचनं फॉरवर्ड करू नका. घरात गणपती आले की वाद काढू नका. नाव घेऊन रोज प्रार्थना करा. घरातलं काम करा, आजारपणात रजा काढा. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात दोन गोष्टी आहेत: शब्दांशिवाय वागण्याने माणूस जिंकता येतो, आणि कोणी तुमच्या आशेबद्दल विचारलं तर सौम्यतेने, आदराने उत्तर द्या. म्हणजे विचारलं की गप्प बसायचं नाही. आणि कोणाला दुखावलं असेल तर माफी मागा.

मी मागितली. जरा उशिराच, आबा हॉस्पिटलमध्ये असताना. त्या चकलीच्या दिवसाबद्दल. आबा म्हणाले, "कवाचं काय घेऊन बसलीस? पाय दाब जरा." मी पाय दाबत बसले. मनात अख्खा संदेश तयार होता, पण तोंडून शब्द निघेना. मग त्यांनीच विचारलं, "पोरी, तू तुझ्या देवाकडं माझ्यासाठी काय मागतीस गं?"

मी म्हणाले, "आबा, येशूने तुम्हाला सोडू नये, आणि मी तिथे आले की तुम्ही मला भेटावं, एवढंच मागते."

आबा थोडा वेळ वर पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मागत राहा मग."

आठ दिवसांनी ते गेले. त्यांनी प्रभूचं नाव घेतलं का? मला माहीत नाही. मी त्यांना माती द्यायला गेले, रडले, आणि पुढच्या रविवारी स्वर्गाचं गाणंही म्हटलं. दोन ओळींनंतर आवाज गेला, तेव्हा शेजारच्या मावशींनी पुढचं म्हटलं.

मैत्रिणीला मी हेच सांगितलं. तुझा आवाज गेला तर गप्प राहा, मंडळी तुझ्यासाठी गाईल. आवाज परत आला की पुन्हा गा.

आज ऐकून झाल्यावर एकच काम करा. घरातल्या ज्या माणसासाठी तुमचा जीव तुटतो, त्याला फोन लावा. उपदेश नको. जेवलास का, एवढंच विचारा. फोन ठेवला की त्याच्यासाठी प्रार्थना करा.

भेटू पुढच्या भागात. प्रभू तुमचं आणि तुमच्या माणसांचं रक्षण करो. सलाम!