चाकाची खुर्ची : दान आणि दायित्व

(सुवर्णमहोत्सवानिमित्त चारकोप येथे झालेल्या व्याख्यानाची संहिता)



कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘चाकाची खुर्ची’ हे नाव दिले. किशोरवयातच कमरेखालचे शरीर निकामी झाले असता त्यांनी 1984 साली ‘हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली आणि शिक्षण, निवास व रोजगार यांच्याद्वारे कितीतरी अपंगांना स्वावलंबी केले. एका वस्तूचे नाव संपूर्ण जीवनकथेला लाभावे, यातच त्या वस्तूचे मोल सामावले आहे. चालणाऱ्यासाठी खुर्ची हे बसण्याचे साधन असते. न चालू शकणाऱ्यासाठी तेच त्याचे पाय असतात.

अपंगसेवेची थोर परंपरा जैन समाजाजवळ आहेच. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि शल्यविशारद डॉ. सेठी यांनी साकारलेला ‘जयपूर फूट’ गोरगरिबांपर्यंत विनामूल्य पोहोचावा, म्हणून देवेंद्रराज मेहता यांनी 1975 मध्ये भगवान महावीर विकलांग सहायता समितीची स्थापना केली. कृत्रिम पायांबरोबरच कॅलिपर, तीनचाकी सायकली आणि चाकाच्या खुर्च्याही ही समिती देत आली. 2018 मध्ये भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने तिच्या सहकार्याने परदेशांत शिबिरे भरविण्याचा उपक्रम हाती घेतला. या कार्यातील एक गोष्ट विशेष ध्यानी घेण्याजोगी आहे : माप घेतल्यावाचून कृत्रिम पाय कोणालाही बसविला जात नाही. खुर्ची मात्र पुष्कळदा मापाविनाच दिली जाते. समारंभ होतो, हार घातले जातात, छायाचित्र निघते आणि एकाच आकाराच्या खुर्च्या लहान-थोर सर्वांना वाटल्या जातात.

याचे परिणाम किरकोळ नसतात. मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला बैठकीखालची टोचणी जाणवत नाही. खुर्ची अरुंद असली, उशी नसली किंवा पायटेकू चुकीच्या उंचीवर असले, तर हाडाच्या उंचवट्यांवर दाब पडून जखम होते. ती खोल गेली, तिच्यात जंतुसंसर्ग झाला, तर प्राणावरही बेतते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2008 च्या मार्गदर्शिकेत खुर्ची देण्याच्या आठ पायऱ्या सांगितल्या. व्यक्तीची तपासणी, खुर्ची अंगाला जुळवून देणे, वापराचे प्रशिक्षण आणि नंतरची दुरुस्ती व पाठपुरावा यांचा त्यांत समावेश आहे. याच संघटनेच्या 2023 च्या अंदाजानुसार जगात सुमारे 8 कोटी लोकांना चाकाच्या खुर्चीची गरज आहे. देशपरत्वे त्यांपैकी केवळ 5 ते 35 टक्क्यांनाच ती मिळते.

अमेरिकेतील अभियंते डॉन शेंडॉर्फर यांनी 1979 मध्ये मोरोक्कोत एका स्त्रीला जमिनीवरून सरपटत रस्ता ओलांडताना पाहिले. पुढे त्यांनी बागेतल्या प्लास्टिकच्या खुर्चीला सायकलची चाके जोडून स्वस्त खुर्ची बनविली. 2001 मध्ये पहिल्या चार खुर्च्या घेऊन ते आले ते आपल्याच देशात, चेन्नईला. अल्पमोलाची ती खुर्ची देशोदेशी पोहोचली; तथापि अनुभवाअंती त्यांच्या संस्थेलाही निरनिराळ्या मापांच्या, अंगाला जुळविता येतील अशा खुर्च्या आणाव्या लागल्या.

आता चारकोपचा विचार करावा. जागतिक बँकेच्या साहाय्याने म्हाडाने येथे लहान लहान भूखंड आखून दिले आणि कष्टकरी कुटुंबांनी त्यांवर आपापली घरे बांधली. घर बेताचे, दार अरुंद, पावसाचे पाणी शिरू नये म्हणून उंबरठा उंच, वरच्या मजल्याचा जिना चढा. अशा घरात नवी खुर्ची आली तरी ती न्हाणीघराच्या दारात अडते आणि महिन्याभरात तिच्यावर कपड्यांचे गाठोडे विसावते. उताराचा मान्य दंडक एकास बारा असा आहे. म्हणजे सहा इंचांच्या पायरीसाठी सहा फूट उतार हवा. खुर्ची देण्यापूर्वी टेप घेऊन त्या घरी गेले पाहिजे, ते याचसाठी. गल्लीतला उतार सोसायटीच्या संमतीने बांधला, तर तो पुढे कितीतरी वृद्धांच्याही कामी येईल. मेट्रोच्या स्थानकांवर उद्वाहने आहेत. पण घरापासून रस्त्यापर्यंतची पन्नास पावले पार झाली नाहीत, तर त्या उद्वाहनांचा उपयोग काय?

अनेक न्यास अनामत घेऊन रुग्णोपयोगी साधने देतात. खुब्याच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्या आजीला काही आठवड्यांसाठी अशी खुर्ची पुरेशी ठरते. परंतु जन्मभर जिच्यावर बसायचे, ती खुर्ची निराळी. ती देण्यापूर्वी भौतिकोपचारतज्ज्ञाने नितंबांची रुंदी, मांडीची व पोटरीची लांबी मोजावी. सोबत योग्य उशी द्यावी. ठरावीक वेळाने अंग उचलून दाब कसा हलका करावा, हे शिकवावे. प्रत्येक खुर्चीची नोंदवहीत नोंद असावी आणि तीन-चार महिन्यांनी एखाद्या कार्यकर्त्याने घरी जाऊन ब्रेक, चाके व उशी पाहावी. केंद्र शासनाची ‘एडिप’ योजना 1981 पासून गरजूंना साहाय्यक साधने देत आली आहे. तिचे अर्ज भरून देण्याचे काम केले, तरी न्यासाचा निधी उशी, उतार आणि दुरुस्ती यांसाठी मोकळा होईल.

शंभर खुर्च्यांऐवजी चाळीसच दिल्या जातील, असा आक्षेप यावर घेतला जाईल. तो खरा आहे आणि दात्यांना चाळीस हा आकडा लहान वाटणेही स्वाभाविक आहे. परंतु अडगळीत पडलेल्या साठ खुर्च्यांचे पुण्य कोणाच्या खाती जमा करायचे? जैन परंपरेने वैयावृत्त्याची, म्हणजे सेवाशुश्रूषेची, गणना सहा आभ्यंतर तपांत केली आहे. दान एका दिवसात देता येते. तप दीर्घकाळ आचरावे लागते. खुर्ची देणे हे दान आहे आणि तिची काळजी घेत राहणे हे तप.

पन्नास वर्षांच्या सेवाकार्याचा गौरव होत असताना विश्वस्त मंडळाने आणि युवक-युवतींनी एक छोटासा संकल्प करावा : परिसरात ज्यांना ज्यांना खुर्च्या दिल्या गेल्या असतील, त्यांच्या घरी येत्या वर्षभरात एकदा तरी जावे. खुर्ची चालते का, एवढेच विचारून थांबू नये. ती व्यक्ती घराबाहेर पडते का, हे विचारावे. ज्या घरातून ‘नाही’ असे उत्तर येईल, तेथूनच न्यासाच्या एक्कावन्नाव्या वर्षाच्या कार्याचा आरंभ व्हावा.