शेतात लोकेशन मिळत नाही? आधी फोनला आभाळ दाखवा
(प्रभागसंघाच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



ई-पीक पाहणी सुरू झाली की एकच तक्रार ऐकू येते. "ताई, लोकेशनच घेत नाही, नुसतं चाक फिरतंय." दोन-तीन हेलपाटे होतात आणि मग बाई म्हणते, जाऊ दे. असं सोडून देऊ नका. सातबाऱ्यावर पीक चढलं नाही, तर हमीभावाच्या खरेदीला अडचण, नुकसानीच्या मदतीलाही अडचण. जिच्या स्वतःच्या नावावर जमीन आहे, तिनं तर हे काम दुसऱ्यावर टाकूच नये.

आपल्याला वाटतं लोकेशन टॉवरवरून येतं. खरं तर जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,००० किलोमीटर उंच आहेत, आणि निदान ४ उपग्रहांचा सिग्नल एकाच वेळी मिळाला तरच फोनला नेमकी जागा कळते. इतक्या लांबून येणारा सिग्नल फार बारीक असतो. गोठ्याचा पत्रा तो अडवतो, स्लॅब अडवतो. आंब्याच्या दाट पानांतही तो कमी होतो, पानं ओली असली तर जास्तच. उभ्या उसात शिरून लोकेशन शोधू नका, आपल्याच शेताच्या मोकळ्या कडेला या. कव्हरला लोखंडी पट्टी असेल तर ते काढा. बॅटरी सेव्हर बंद करा आणि ॲपनं विचारलं की 'अचूक लोकेशन'ला परवानगी द्या.

मग एका जागी उभं राहायचं, फोनचा वरचा भाग हातानं झाकायचा नाही, आणि दोन-तीन मिनिटं धीर धरायचा. आपण तेवढ्यात चार वेळा ॲप बंद-चालू करतो! उपग्रह कुठं आहेत ही माहिती फोनला गोळा करावी लागते. इंटरनेट असलं की ती पटकन मिळते, नसलं की थेट उपग्रहाकडून हळूहळू घ्यावी लागते. म्हणून शिवारात रेंज नसेल तर गावातून निघतानाच, रेंज आहे तिथं, अंगणात लोकेशन चालू करून नकाशा उघडा. निळा ठिपका आपल्या घरावर आला की निघा. तासाभरात शेतात पोचलात तर तीच माहिती कामी येते.

जीपीएस वाढवून देतो म्हणणारी ॲप घेऊ नका. फोनच्या आतला अँटेना ॲपनं मोठा होत नाही. फोन फारच जुना असेल तर गटातल्या मैत्रिणीचा घ्या, एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते.

ज्यांची नोंद राहिली आहे, त्यांनी गट नंबरासह नाव आजच सीआरपी ताईकडे द्या. शेवटच्या दिवसापर्यंत थांबू नका, तेव्हा ॲपवर गर्दी असते.