पोकळ, तरीही मजबूत

गोंदिया जिल्ह्याच्या जंगलातला बांबू बहुधा आतून पोकळ असतो, तरी वाऱ्यात वाकून पुन्हा सरळ होतो. कारण प्रत्येक गाठीपाशी आतला आडवा पडदा नळीला चपटी होऊ देत नाही. गोल्फच्या ‘ड्रायव्हर’ काठीच्या पोकळ डोक्यालाही असाच आतून आधार देता येतो. नियमानुसार त्याच्या आकारमानाची मर्यादा 460 घनसेंटिमीटर आहे आणि वजन साधारण 200 ग्रॅम असते. म्हणून पत्रा पातळच ठेवावा लागतो. पातळ पत्रा आघाताने फुगतो आणि थोडी ऊर्जा वाया जाते. म्हणूनच 2017 मध्ये कॅलवे कंपनीने दर्शनी पत्र्यामागे छत आणि तळ जोडणारे टायटॅनियमचे दोन दांडे बसवले.

दांड्यांनी वजन वाढते, हा आक्षेप खरा. पण सगळा पत्रा जाड करण्यापेक्षा ते कमीच भरते. गोल्फशी आपला काय संबंध, असेही कोणी विचारील. संबंध तत्त्वाशी आहे: साहित्य किती वापरले यापेक्षा ते कुठे ठेवले, हे महत्त्वाचे. बांबूची खुर्ची किंवा शिडी करताना भार येईल तिथे गाठ जवळ राहील, असाच तुकडा निवडा.