स्त्री-आरोग्य-केंद्रासाठीं विनंति
(दुष्काळ निवारण समितीच्या वार्षिक सभेंत केलेलें भाषण)



समितीच्या अहवालांत धान्याचीं पोतीं, चाऱ्याच्या पेंढ्या आणि पाण्याचे टँकर यांचा हिशेब पैसा न् पैसा दिलेला आहे व तो चिटणिसांनीं आतांच वाचून दाखविला. त्याविषयीं मला कांहीं सांगावयाचें नाहीं. ज्या एका बाबीखालीं अवघ्या चार ओळी आल्या आहेत, तिची बाजू मांडण्यापुरताच मी उभा राहिलों आहें. ती बाब म्हणजे आपल्या स्त्री-आरोग्य-केंद्राचा खर्च. दुष्काळाच्या पैशांतून बायकांचा दवाखाना कां चालवितां, असें पुष्कळ देणगीदारांनीं मला खासगींत विचारलें. प्रश्न रास्त आहे. ज्याचा पैसा त्याला तो विचारण्याचा अधिकारही आहे.

१९७२ च्या दुष्काळांत सरकारनें रस्त्यांचीं व पाझर तलावांचीं कामें काढून लाखों लोकांना मजुरी दिली, आणि त्या अनुभवांतून १९७७ सालीं महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा झाला. अन्नावांचून माणूस मरूं द्यावयाचें नाहीं, हें तेव्हांपासून सर्वमान्य झालें. परंतु पाऊस हुकला म्हणजे जी तूट येते ती कोणीतरी भरून काढावीच लागते. आपल्या बीड जिल्ह्यांत ती कोण भरून काढतें, हें दसऱ्यानंतर रस्त्यावर उभें राहिल्यास दिसतें. कोरडवाहू कुटुंबेंच्या कुटुंबें ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघालेलीं असतात. नवरा व बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादम उचल देतो आणि पुढले पांच-सहा महिने ती अंगमेहनतीनें फेडावयाची असते. दोघांपैकीं एकजण एक दिवस कामावर आला नाहीं तर खाडा पडतो आणि खाड्याची रक्कम उचलींत चढते.

येथें मला एक कबुली दिली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं एका मुकादमाच्या सांगण्यावरून अशा उचलीचे करारनामे मींच लिहून दिले. ‘एक कोयता, उचल रुपये अमुक’, आणि खालीं नवऱ्याची सही किंवा अंगठा. निम्में काम जिनें करावयाचें तिचें नांव त्या कागदावर कोठेंच नव्हतें, आणि तीस वर्षें कागद वाचण्यांत घालविलेल्या माझ्यासारख्या वकिलाला तें खटकलें नाहीं.

फडावरच्या पालांत न्हाणीघर नसतें, शौचकूप नसतो, धुण्यापुरतें स्वच्छ पाणी नसतें. पहाटे फडांत उतरावयाचें, दिवसभर डोक्यावर मोळ्या वाहावयाच्या, रात्रीं चूल. अंगावरून पांढरें जाऊं लागलें, ओटीपोट दुखूं लागलें, तर बाई तें कोणाला सांगत नाहीं. अगदींच असह्य झालें म्हणजे जवळच्या शहरांतल्या खासगी दवाखान्यांत जाते, आणि तेथें पुष्कळदां एकच सल्ला मिळतो : मुलें झालीं आहेत, आतां पिशवी काढून टाका, नाहींतर कर्करोग होईल. पाळीच नको आणि खाडाही नको, हा हिशेब मग तिलाही पटतो. त्या शस्त्रक्रियेचे पैसे उचलींतूनच येतात.

ही ऐकीव गोष्ट नव्हे. शासनाच्या समितीनें २०१९ सालीं या जिल्ह्यांतील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांची माहिती गोळा केली. त्यांपैकीं १३,८६१ जणींचें गर्भाशय काढलेलें आढळलें. म्हणजे सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या स्त्रियांत हेंच प्रमाण देशभरांत शेंकडा ३ च्या आसपास होतें.

शनिवारीं दुपारीं मी केंद्राच्या पडवींत अर्ज लिहावयास बसतों. एका शनिवारीं तिशीच्या आंतली एक बाई शहरांतल्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आली. शस्त्रक्रियेचा दिवसही ठरला होता. केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनीं तपासलें तेव्हां साधा जंतुदोष निघाला. नवरा-बायको दोघांनाही गोळ्या दिल्या, आणि कांहीं आठवड्यांत ती बरी झाली. त्या औषधाला टँकरच्या एका खेपेइतकाही खर्च आला नाहीं. दुसरी बाई आली ती पिशवी काढून घेतल्यावर. वय चौतीस. कंबर धरलेली, सांधे दुखतात, मोळी उचलवत नाहीं, आणि उचल अजून फिटावयाची आहे. तिच्यासाठीं मीं अर्ज लिहिला. तो अद्याप कचेरींतच आहे.

सर्वोच्च न्यायालयानें अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांच्या प्रकरणांत एप्रिल २०२३ मध्यें सर्व राज्यांना केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना अंमलांत आणण्याचा आदेश दिला. आदेश चांगला आहे. पण न्यायालयाचा आदेश उसाच्या फडापर्यंत पोहोंचावयाचा तर वाटेंत एखादी परिचारिका लागते, जी बाईला म्हणेल : थांब, आधीं तपासून घेऊं.

डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनीं गडचिरोली जिल्ह्यांतील दोन खेड्यांत ६५० स्त्रिया तपासल्या आणि १९८९ सालीं ‘लॅन्सेट’ मासिकांत नव्हे, त्या साप्ताहिकांत निष्कर्ष छापला. शेंकडा ९२ जणींना कांहीं ना कांहीं स्त्रीरोग होता. त्यापूर्वीं तपासणी झाली होती ती शेंकडा ८ जणींची. आपल्या शेजारींच जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनीं १९७० मध्यें काम सुरू केलें, आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ आला. त्यांनीं खेड्यांतल्याच, पुष्कळशा निरक्षर, बायकांना शिकवून गांवोगांवच्या आरोग्यसेविका केलें. आपल्या केंद्राच्या दोन सेविका याच रीतीनें तयार झाल्या आहेत. व्यापारी मंडळींना तर मुंबईचें उदाहरण पुरे. जॉर्ज किट्रिज व सोराबजी शापूरजी बंगाली यांनीं वर्गणी उभारून विलायतेहून स्त्री-डॉक्टर आणविली, पेस्तनजी होरमसजी कामा यांनीं देणगी दिली, आणि १८८६ मध्यें कामा इस्पितळ उघडलें. तेव्हांही हें काम आपलें नव्हे असें म्हणणारे असतीलच.

तेव्हां मागणें असें आहे. परिचारिका व दोन सेविका यांचा पगार दोन वर्षांपुरता वर्गणींतून निघावा. टोळ्या निघण्यापूर्वीं आणि परतल्यावर प्रत्येक बाईची तपासणी व्हावी. आणि आजारी बाईला बुडालेल्या मजुरीपैकीं कांहीं रक्कम देतां यावी, कारण खाड्याच्या भीतीनेंच ती उशिरां येते; गोळ्या फुकट दिल्यानें ती भीति जात नाहीं.

बागाईतदार मंडळींपाशीं मागणें वेगळें आहे, आणि तें पैशाचें नाहीं. आपल्यापैकीं कित्येकांचे कारखान्यांशीं संबंध आहेत, कित्येकांचा शब्द मुकादम मोडीत नाहींत. केंद्राची चिठ्ठी असलेल्या बाईचा खाडा धरूं नये, आणि करारनाम्यांत तिचें नांव व तिची मजुरी वेगळी लिहावी, एवढें आपण त्यांना सांगावें. करारनाम्याचा नवा मसुदा मीं तयार केला आहे. त्याबद्दल फी नाहीं.

केंद्राचें पावतीपुस्तक खजिनदारांच्या मेजावर निराळें ठेविलें आहे. शेजारीं एक कोरी वही आहे. जे मुकादमांशीं बोलावयास तयार असतील त्यांनीं तींत आपलें नांव व गांव लिहावें. पुढल्या शनिवारपासून मी एकेकाकडे मसुदा घेऊन येईन.