कंपवात आणि आपला शेजारधर्म



या ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आम्ही एका दुखण्याविषयीं दोन शब्द बोलणार आहों. १८१७ सालीं लंडन येथील डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनीं ज्याचें वर्णन प्रसिद्ध केलें, व ज्यास आपण कंपवात म्हणतों, तें हें दुखणें होय.

मेंदूंतील कांहीं पेशी डोपामीन नांवाचें द्रव्य निर्माण करितात. त्याच्या योगें शरीराच्या हालचाली सुरळीत चालतात. या पेशी नष्ट होऊं लागल्या म्हणजे स्वस्थ बसले असतांही हात कांपतो, अंग ताठरतें, पाऊल अडखळतें, अक्षर बारीक होतें, आवाज क्षीण होतो. कित्येकांस कंप नसतोही. चेहरा निर्विकार दिसतो. म्हणून लोक म्हणतात, 'यांस आतां कांहीं वाटत नाहीं.' हा बहुशः गैरसमज होय. मुख हंसत नाहीं, म्हणून अंतःकरण हंसत नाहीं असें नव्हे. औषधानें रोग समूळ जात नाहीं. तथापि तें वेळच्या वेळीं घेतल्यास पुष्कळ आराम पडतो.

पोप दुसरे जॉन पॉल यांस हाच विकार होता. कंठावर शस्त्रक्रियाही नुकतीच झालेली. २७ मार्च २००५ रोजीं, ईस्टरच्या दिवशीं, खिडकीशीं येऊन त्यांनीं बोलण्याचा यत्न केला. शब्द उमटले नाहींत. मग त्यांनीं नुसत्या हातानें क्रुसाची खूण करून आशीर्वाद दिला.

तेव्हां मिस्साच्या वेळीं कोणी कम्युनियनसाठीं सावकाश येत असेल, तर मागून घाई करूं नये. कोणाच्या उत्तरास विलंब लागला, तर त्याचें वाक्य आपण पुरें करूं नये. थांबणें हीही सेवाच होय. प्रभु आपणां सर्वांस ही सबुरी देवो.