आधी बिजागरी, मग खटका

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



पावसाळा ओसरला, की कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर रविवारी सकाळी काही वेगळ्या गाड्या दिसू लागतात. लांब नाकाच्या, दोनच माणसांच्या, कापडी टपाच्या. मुंबईकडून चौकमार्गे खालापूर, पुढे खोपोली आणि मग जुन्या रस्त्यानं बोरघाट, असा त्यांचा फेरफटका असतो. बघणारे रंग बघतात, आवाज ऐकतात. जाणत्या मिस्त्रीची नजर मात्र आधी बॉनेटच्या कडेच्या फटीवर जाते. ती फट दोन्ही बाजूंना सारखी आहे का, एवढंच तो पाहतो आणि गाडीची निम्मी कुंडली त्याला कळते. आज आपण त्या फटीविषयी आणि बॉनेटच्या खटक्याविषयी बोलणार आहोत.

विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. पण जरा हिशेब करून पाहू. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर हवा दर चौरस मीटरला सुमारे १२ किलो वजनाइतका रेटा देते. वेग ताशी १०० झाला, की हा रेटा दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणजे सुमारे ४७ किलो. यातली काही हवा जाळीतून आत शिरते आणि बॉनेटला खालून उचलू पाहते. अरुंद रस्त्यावर समोरून ट्रक भरधाव गेला, की त्याच्या झोताचा धक्का वेगळाच. या सगळ्याला रोखून धरणारी वस्तू म्हणजे एक स्प्रिंग, बोटाएवढी एक खुंटी आणि एक हूक. ती सुटली तर बॉनेट उलटून समोरच्या काचेवर आदळतं आणि चालकापुढचा रस्ता क्षणात नाहीसा होतो. घाटातल्या वळणावर हे घडलं तर काय होईल, ते सांगायला नको.

बॉनेट उघडण्याच्या मुख्य तऱ्हा दोन. आपल्या अ‍ॅम्बॅसडरसारखी तऱ्हा म्हणजे बिजागऱ्या काचेपाशी आणि खटका पुढे, जाळीच्या वर. इंग्लंडमध्ये १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी ही प्रसिद्ध स्पोर्ट्स कार याच जातीची. दुसरी तऱ्हा उलटी. तिच्यात बिजागऱ्या पुढे, बंपरपाशी असतात आणि मडगार्डांसकट सगळं नाकच पुढे कलतं. जग्वारची ई-टाइप आणि ट्रायम्फची स्पिटफायर या गाड्या तशा. स्पिटफायर आपल्याकडे फारशी दिसली नाही, पण ज्या हेराल्डच्या सांगाड्यावरून ती निघाली, ती हेराल्ड १९६१ पासून मद्रासला बनू लागली आणि आपल्यापैकी अनेकांच्या आठवणीत आहे. पुढे कलणाऱ्या बॉनेटला समोरची हवा बंद करायला मदत करते. काचेपाशी बिजागरी असलेल्या बॉनेटला ती उघडायला मदत करते. म्हणून पहिल्या जातीत खटक्याची जबाबदारी मोठी आणि आपण मुख्यतः तिच्याविषयीच बोलू.

बॉनेट नीट बसत नाही, आपटल्याशिवाय लागत नाही, अशी तक्रार घेऊन मालक येतो, तेव्हा तो बहुधा म्हणतो, "मिस्त्री, जरा खटका घट्ट करून द्या." खरी अडचण इथंच असते. आपल्या कोकणातल्या घराचं दार आठवा. बिजागरी सैल होऊन दार खाली उतरलं, की कडी कोयंड्यात जात नाही. मग कोणी कोयंडा ठोकून खाली घेतो, कोणी कडी वाकवतो. चार दिवस दार लागतं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. चांगला सुतार कडीला हात लावत नाही. तो आधी बिजागरी पाहतो. बॉनेटचंही तसंच. खटक्याचं काम धरून ठेवण्याचं, ओढून आणण्याचं नव्हे. वाकडं बसलेलं बॉनेट खटक्यानं ओढून सरळ केलं, तर खटका कायम ताणाखाली राहतो आणि ताणाखालची वस्तू एक दिवस दगा देते.

म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर उभी हवी. जॅकवर चढवलेली गाडी किंचित पिळवटते. टप नसलेल्या स्पोर्ट्स कारमध्ये तर हा पीळ जास्तच. मग आधी दारं आणि मडगार्डं जागेवर आहेत का, ते पाहायचं. तीच वाकडी असतील तर बॉनेट सरळ बसवायचं तरी कशाशी? त्यानंतर खटक्याची खुंटी चक्क काढून ठेवायची आणि पुढची रबरी बटणं पूर्ण खाली फिरवायची, म्हणजे बॉनेट कुणाच्या आधाराविना, आपल्या वजनानं जिथं बसायचं तिथं बसतं. आता त्याचा खरा स्वभाव दिसतो.

बिजागरीची भोकं मुद्दाम लांबट ठेवलेली असतात. बोल्ट ढिले करण्यापूर्वी बिजागरीभोवती पेन्सिलीनं रेघ मारून घ्यावी, म्हणजे किती सरकवलं ते कळतं आणि परत यायची वाट राहते. कामाला दोन माणसं लागतातच. एकानं बॉनेट धरायचं, दुसऱ्यानं पाना चालवायचा. फट मोजायला महागडं साधन नको; चार-पाच मिलिमीटर जाडीच्या पुठ्ठ्याचा तुकडा दोन्ही कडांनी फिरवावा. एका जागी अडकला आणि दुसरीकडे सैल गेला, तर तिथं काम आहे. काचेकडची बाजू उंच-खाली असेल, तर बिजागरीखाली पत्र्याचं पातळ पॅकिंग घालावं किंवा काढावं. पुढची उंची नंतर रबरी बटणांनी जुळवावी. या जुन्या गाड्या हातानं जुळवलेल्या असत, त्यामुळे एका गाडीचं माप दुसरीला चालेलच असं नाही.

एवढं झालं की शेवटी खटका. खुंटी पुन्हा बसवायची, पण तिचे बोल्ट अर्धवट आवळायचे. टोकाला थोडं ग्रीस लावून बॉनेट हळूच खाली आणायचं. ग्रीसचा ठिपका खालच्या भोकाच्या कडेला उमटला तर खुंटी तेवढी सरकवायची. ती भोकाच्या बरोबर मध्यात उतरली पाहिजे. मग तिची लांबी. एमजीबीसारख्या गाड्यांत खुंटीच्या टोकाला खाच असते. वरचा नट ढिला करून डिसमिसनं ती फिरवली, की लांबी कमी-जास्त होते. खुंटी लांब राहिली तर बॉनेट लागतं, पण खडखडतं. आखूड झाली तर ते आपटावं लागतं आणि उघडताना केबलवर जोर येतो. एका वेळी अर्धा आटा फिरवायचा, लावून पाहायचं, मग नट आवळायचा. केबलला किंचित ढील हवी. ती ताठ असेल तर खटका अर्धवट उघडाच राहू शकतो.

यानंतरची परीक्षा बरेच जण टाळतात, ती म्हणजे दुसऱ्या हुकाची. आतून केबल ओढली की बॉनेट दोन-तीन सेंटिमीटर वर येऊन थांबलं पाहिजे. त्या अवस्थेत ते हातानं जोरात वर ओढून पाहावं. हुकानं सोडलं, तर गाडी रस्त्यावर काढू नये. हा हूक रोज कामाला येत नाही. मुख्य खटका चुकला, तर त्या एका क्षणासाठी तो असतो.

ही कल्पना आपल्या भागाला नवी नाही. कर्जतहून लोणावळ्याला जाणारा रेल्वेचा घाट १८६३ मध्ये सुरू झाला. घाट उतरणाऱ्या गाड्यांसाठी तिथं कॅच सायडिंग असतं, म्हणजे मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा रूळ. सांधा एरवी त्या चढाच्या रुळाकडेच लावलेला असतो. उतरणारी गाडी तिथं थांबते, ब्रेक ताब्यात असल्याचं सिद्ध होतं आणि मगच तिला पुढचा मार्ग मिळतो. ब्रेक लागलेच नाहीत, तर गाडी आपोआप चढावर जाऊन मंदावते. हजारदा त्या रुळाची गरज पडत नाही, म्हणून तो कुणी उखडून टाकत नाही. बॉनेटचा दुसरा हूक तसाच आहे.

याच घाटात एक वाईट सवयही रुजली. चढावर जुनी इंजिनं तापत. शिंग्रोबाच्या देवळापाशी गाडी थांबवून, नाणं वाहून, पाणी घालून पुढे निघायचं, ही रीत ठीक होती. पण काही जण आतली उष्णता बाहेर पडावी म्हणून बॉनेट नुसतं दुसऱ्या हुकावर ठेवून गाडी चालवत. अजूनही कोणी चालवतात. तसं करणं म्हणजे शेवटचा आधार आधीच खर्च करून टाकणं. इंजिन तापत असेल तर रेडिएटर, पंखा आणि पाण्याचे पाइप तपासावेत.

उलट बाजूही लक्षात ठेवावी. खटका न उघडणं हादेखील धोकाच. जुन्या वायरिंगमधून धूर निघतोय आणि बॉनेट उघडत नाही, यासारखी हतबलता नाही. केबल जुनी असेल तर बदलावी. अनेक जाणकार खटक्याला गुपचूप दुसरी केबल जोडून ठेवतात. मात्र आतून आग दिसत असेल, तर बॉनेट एकदम पूर्ण उघडू नये. हवा मिळाली की आग भडकते. माणसं दूर न्यावीत आणि अग्निशामक दलाला फोन करावा.

आणि चालत्या गाडीत बॉनेट उडालंच, तर? करकचून ब्रेक मारू नये; मागचा येऊन धडकेल. स्टिअरिंग सरळ धरावं, बॉनेटच्या खालच्या फटीतून किंवा बाजूच्या खिडकीतून रस्ता पाहावा, धोक्याचे दिवे लावावेत आणि वेग कमी करत डावीकडे थांबावं.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गाडी शेडमध्ये झाकून ठेवली तरी दमट हवा खटक्याच्या स्प्रिंगपर्यंत पोहोचते. म्हणून पावसाळ्यापूर्वी आणि दसऱ्याला असं वर्षातून दोनदा खटका, हूक आणि बिजागऱ्या पुसून ग्रीस लावावं. दसऱ्याला गाडीला हार घालतोच. बॉनेट उघडून हूकही एकदा ओढून पाहावा. जुळवणी नवी असेल तर पहिल्या ५० किलोमीटरनंतर बोल्ट पुन्हा तपासावेत. गाडीचं अंग फायबरचं असेल, जसं गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्म या स्पोर्ट्स कारचं होतं, तर जोर अजिबात करू नये. पत्रा वाकतो, फायबर तडकतं.

हे काम अंगात मुरलेले मिस्त्री आणि डेंटर आता कमी होत चालले आहेत. नव्या गाड्यांचा भाग बिघडला की बदलतात. जुळवत बसायला कुणाला वेळ नाही. तुमच्या गावात असा एखादा हात शिल्लक असेल, तर त्याच्याकडे जाताना एखाद्या तरुण पोराला सोबत न्या. त्याला बॉनेट धरायला लावा. पुठ्ठ्याचा तुकडा फटीतून सारखा सरकला, की काय जमलं ते त्याला सांगावं लागणार नाही. त्याच्या हातालाच ते कळेल.