सूत्रधार गेल्यानंतर

चैत्र वद्य चतुर्दशी जवळ आली की वज्रेश्वरीच्या टेकडीखालचा रस्ता माणसांनी फुलून जातो. चिमाजीअप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस बोलला, १७३९ साली वसई हाती आली आणि मग इथं किल्ल्याच्या तटाचं देऊळ उभं राहिलं, ही हकीगत आमच्याकडच्या लहान पोरालाही ठाऊक असते. यात्रेत देवीची पालखी निघते. कुणी गरम पाण्याच्या कुंडावर जातो, कुणी पाळण्यात बसतो, कुणी खेळणीवाल्यापाशी रेंगाळतो. आता अशी कल्पना करा, की एखाद्या गावच्या अशाच यात्रेत एक बाहुलीवाला आपला पसारा मांडून बसला आहे. लोक गोळा होतात. बाहुलीवाला दोऱ्या ओढतो आणि राम, सीता, रावण, हनुमान एकामागून एक नाचू लागतात. मात्र जरा निरखून पाहिलं तर ध्यानात येतं, की या बाहुल्या लाकडाच्या नाहीतच. ती हाडामांसाची माणसं आहेत आणि बाहुल्यांसारखी नाचताहेत!

अशी यात्रा १९५३ साली मुंबईच्या रंगमंचावर भरली होती. नृत्यनाट्याचं नाव होतं 'रामायण' आणि ते करणाऱ्या मंडळीचं नाव 'लिटल बॅले ट्रूप'. आज मला या मंडळीविषयी, आणि तिचं सूत्र ज्यांनी ज्यांनी धरलं त्या माणसांविषयी चार शब्द सांगायचे आहेत. कारण सूत्र धरणारा हातच नाहीसा झाला तर पुढं काय, हा प्रश्न प्रत्येक मंडळीला केव्हा ना केव्हा पडतोच. आणि या मंडळीला तो फारच लवकर पडला.

'मंडळी' हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. आपल्याला नाटक मंडळ्यांचा इतिहास ठाऊक आहे. केशवराव भोसले यांनी १९०८ साली 'ललितकलादर्श' काढली. १९२१ साली ते ऐन तारुण्यात गेले. पण मंडळी बुडाली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती सांभाळली आणि पुढे त्यांचे चिरंजीव भालचंद्र यांनी तिचं नाव राखलं. हे शक्य झालं, कारण नाटकाची संहिता छापलेली असते. पदांच्या चाली कुणी ना कुणी म्हणून दाखवतो. नट गेला तरी नाटक कपाटात शाबूत असतं.

नृत्याचं तसं नाही. नृत्य कागदावर उतरत नाही, निदान आपल्याकडे उतरत नव्हतं. ते नाचणाऱ्याच्या अंगात असतं आणि बसवणाऱ्याच्या डोक्यात असतं. परंपरेनं चालत आलेल्या नृत्याला घराण्याचा आणि गुरूचा आधार तरी असतो. पण नव्यानं रचलेल्या, आधुनिक म्हणवणाऱ्या नृत्याला मागं काहीच नसतं. बसवणारा गेला की सगळंच गेलं.

तसं घडलेलंही आहे. खंडाळ्याच्या घाटमाथ्यावर १९३८ साली 'नृत्यालयम्' नावाची संस्था निघाली होती. ती काढली मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी यांनी. कथ्थक नृत्याला प्रतिष्ठित रंगमंचावर आणणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांपैकी त्या एक. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या निमित्तानं झालेल्या नृत्यमहोत्सवात त्यांच्या संचानं नाव मिळवलं. आपल्या दमयंती जोशी लहानपणी याच संचाबरोबर युरोपभर हिंडल्या. पण युद्धाच्या धामधुमीत खंडाळ्याची संस्था टिकली नाही आणि १९४७ साली मेनकाबाई निवर्तल्या. शिष्य पुढे गेले, कथ्थकही पुढे गेलं. मेनकाबाईंची मंडळी मात्र राहिली नाही. उदयशंकरांनी अल्मोड्याला काढलेलं मोठं कलाकेंद्र हे दुसरं उदाहरण. तिथं अल्लाउद्दीन खाँसाहेबांसारखे गुरू होते, गुरुदत्तांसारखे विद्यार्थी होते. तेही पाचसहा वर्षांतच बंद पडलं.

या अल्मोड्याच्या मुशीतून जे लोक बाहेर पडले, त्यांतलेच एक शांति बर्धन. जन्म १९१६ सालचा, बंगालमधल्या कोमिल्ल्याचा. हे गाव आता बांगलादेशात आहे. मणिपुरी नृत्याची त्यांची बैठक पक्की होती. बंगालचा १९४३ चा दुष्काळ, लाखो माणसांचे भूकबळी, आणि त्याच साली मुंबईत स्थापन झालेला 'इप्टा', म्हणजे भारतीय जननाट्य संघ, हा काळ आपण ऐकून आहोत. इप्टाचं मध्यवर्ती नृत्यपथक अंधेरीला राहत असे. एकत्र राहणं, एकत्र जेवण, एकत्र तालीम. शांतिदा या पथकाचे नृत्यरचनाकार झाले. रविशंकर, अवनी दासगुप्ता असे संगीतकार जोडीला होते. दुष्काळ, गुलामी, स्वातंत्र्याची आस हे विषय त्यांनी नृत्यात आणले. शेतकऱ्याची कुदळ आणि कोळ्याचं जाळं रंगमंचावर आलं. पुढे पंडित नेहरूंच्या 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' या ग्रंथावरही नृत्यनाट्य झालं.

याच पथकात एक गुजराती मुलगी आली होती, गुल झवेरी. जन्म १९२८ चा, म्हणजे शांतिदांपेक्षा बारा वर्षांनी लहान. पुढे ती गुल बर्धन झाली.

मग शांतिदांना क्षयानं गाठलं. नर्तकाला क्षय व्हावा, यासारखं दुर्दैव नाही. श्वास हेच त्याचं भांडवल. बराच काळ अंथरुणात गेला. दुसरा एखादा असता तर त्यानं तिथंच हाय खाल्ली असती. शांतिदांनी मात्र त्यातून उठून १९५२ साली मुंबईत 'लिटल बॅले ट्रूप' उभा केला, आणि १९५३ साली 'रामायण' आणलं. बहादुर खाँचं संगीत, अप्पुणी कर्थांचे मुखवटे आणि वेषभूषा.

या 'रामायणा'ची युक्ती नीट पाहण्यासारखी आहे. नर्तकाचा चेहरा मुखवट्याखाली झाकलेला. हालचाल कोनाकोनांची, झटक्याझटक्यांची. कोपरात आणि मनगटात दोरी बांधली आहे असं वाटावं अशी. आपल्या कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर मंडळी कळसूत्री बाहुल्या नाचवतात, त्या ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना ही चाल चटकन उमगेल. तिथं माणूस लाकडात जीव ओततो. इथं माणसानं स्वतःचं लाकूड करायचं आणि तरीही सीतेचं दुःख पोहोचवायचं.

मला वाटतं, या युक्तीतच मंडळीच्या दीर्घायुष्याचं बी होतं. चेहरा झाकला की रूपवान नट आणि साधा नट हा भेद राहत नाही. आज राम करणारा उद्या वानर झाला तरी खेळ अडत नाही. प्रेक्षक कुणा एकाला पाहायला येत नाहीत, खेळ पाहायला येतात. आणि हालचालींचे नियम इतके स्पष्ट, की एकानं दुसऱ्याला ते शिकवावेत. शांतिदांनी स्वतःच्या शरीरावर बेतलेलं नृत्य रचलं असतं, तर ते त्यांच्याबरोबरच संपलं असतं. त्यांनी दुसऱ्यांना करता येईल असं रचलं.

१९५४ साली शांतिदा गेले. वय अवघं अडतीस. मंडळी दोन वर्षांची.

आता श्रोतेहो, हिशोब मांडून पाहा. संस्थापकाच्या हाताखाली मंडळी चालली ती दोन वर्षं. त्यानंतर गुल बर्धन यांनी ती सांभाळली, ती २०१० साली त्यांचे डोळे मिटेपर्यंत, म्हणजे छप्पन्न वर्षं. दोन आणि छप्पन्न! तरीही मंडळीचं नाव निघालं की आपण 'शांति बर्धनांची मंडळी' म्हणतो. ते चूक नाही. बी पेरणाऱ्याचा मान मोठाच. पण छप्पन्न वर्षं पाणी घालणाऱ्याचा मान आपण कुठल्या वहीत लिहितो?

शांतिदा गेले तेव्हा गुलबाई पंचवीस-सव्वीस वर्षांच्या होत्या. मंडळी चालवायची म्हणजे काय काय करावं लागतं, ते कुणाही नाटकवाल्याला विचारा. वीसपंचवीस माणसांचं दोन वेळचं जेवण, तालमीची जागा, पेट्या-मुखवट्यांची वाहतूक, आगगाडीचं आरक्षण, सरकारदरबारचे अर्ज, सोडून जाणाऱ्या नर्तकाच्या जागी नवा नर्तक तयार करणं. यातलं काहीच रंगमंचावर दिसत नाही, आणि यातलं एक जरी अडलं तरी पडदा वर जात नाही.

नृत्यरचनेची बाजू प्रभात गांगुलींनी उचलली. हेही पहिल्या पिढीतलेच. शांतिदांच्या मनातलं दुसरं मोठं नृत्यनाट्य म्हणजे 'पंचतंत्र': कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांच्या मैत्रीची गोष्ट. तेही मंडळीनं रंगमंचावर नांदवलं. गांगुलींनी पुढं दशकानुदशकं नव्या रचना बसवल्या. नुसतं जुनं राखलं असतं तर मंडळीचं संग्रहालय झालं असतं. नुसतं नवं केलं असतं तर मूळ हरवलं असतं. एकानं घडी बसवायची, एकीनं घर राखायचं आणि एकानं नवं अंगण सारवायचं, अशी ही तिघांची विभागणी. ती कुणी ठरवून केली असेल असं नाही. पण ती झाली म्हणून मंडळी वाचली.

मुंबईत जागा आणि पैसा यांची ओढाताण कुणाला चुकली आहे? साठच्या दशकात मंडळी ग्वाल्हेरला गेली आणि ऐंशीच्या दशकात भोपाळला स्थिरावली. 'रंगश्री लिटल बॅले ट्रूप' हे तिचं नाव झालं. जे रोप आपल्या मुंबईत लागलं, ते मध्य प्रदेशात वाढलं, याची थोडी खंत आपण करायला हरकत नाही. गुलबाईंना पद्मश्री मिळाली ती २०१० साली, आयुष्याच्या शेवटच्या वर्षी.

सूत्रधारानंतर काय, हा प्रश्न आपल्याकडचाच आहे असं समजू नका. अमेरिकेत आधुनिक नृत्याच्या अध्वर्यू मार्था ग्रॅहम १९९१ साली वारल्या, आणि त्यांनी रचलेली नृत्यं कुणाच्या मालकीची, त्यांच्या वारसाची की त्यांच्या संस्थेची, हा वाद कोर्टात गेला. २००२ साली न्यायालयानं बहुतेक रचनांवर संस्थेचा हक्क मान्य केला, तेव्हा कुठे मंडळीचा मार्ग मोकळा झाला. त्यांच्याच मंडळीत पूर्वी नाचलेले मर्स कनिंगहॅम यांनी वेगळाच मार्ग धरला. आपल्यामागं मंडळीनं जगाचा एक अखेरचा दौरा करावा आणि मग ती विसर्जित करावी, अशी योजनाच त्यांनी आखून ठेवली. २००९ साली ते गेले, आणि २०११ च्या ३१ डिसेंबरला मंडळीनं शेवटचा प्रयोग केला. गणपतीसारखं विसर्जन! तेही एक उत्तर आहे, आणि त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा आहे.

पण आमच्या बाजूला आणखी एक उत्तर आहे, आणि ते फार जुनं आहे. तानसा नदी ओलांडून वाड्यावरून उत्तरेकडे गेलं की जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी गावांतून बोहाडा होतो. संबळ वाजतो, टेंभे पेटतात आणि रात्रभर एकेक सोंग मुखवटा चढवून नाचत येतं. गणपती येतो, रावण येतो, शेवटी देवी येते. अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. आजोबा थकले की मुखवटा बापाच्या तोंडावर, बाप थकला की पोराच्या. बोहाड्याचा संस्थापक कोण, असं विचाराल तर लोक हसतील. तिथं मुखवटा कायम, चेहरा बदलता. शांतिदांनी मुखवट्याचं बळ ओळखलं होतं. गुलबाईंनी आणि गांगुलींनी 'चेहरा बदलला तरी मुखवटा खाली ठेवायचा नाही' हा धर्म पाळला.

आज भिवंडीत, वसईत, वाड्यात शाळेचे वर्ग संपल्यावर मुलंमुली एकत्र येऊन नृत्याचे संच काढतात. गणेशोत्सवात, स्नेहसंमेलनात ते चमकतात आणि दोनचार वर्षांत विरून जातात. बहुधा एक हुशार मुलगा किंवा मुलगी सगळं बसवत असते. त्याला नोकरी लागली, तिचं लग्न झालं, की संच संपतो. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पहिली गोष्ट, नाच बसवताना तो दुसऱ्याला शिकवता येईल असा बसवा, आणि प्रत्येक भूमिका दोघांना येऊ द्या. मोबाइलवर चित्रण करून ठेवलंत तर उत्तमच. पण पाऊल कुठं पडलं ते चित्रात दिसतं, ते तिथंच का पडलं हे माणसानंच माणसाला सांगावं लागतं. दुसरी गोष्ट, बसवणारा एक आणि सांभाळणारा एक अशी दोन माणसं पहिल्या दिवसापासून असू द्या. आणि तिसरी, कार्यक्रमपत्रिकेवर त्या सांभाळणाऱ्याचं नाव बसवणाऱ्याच्या शेजारी, त्याच टायपात छापा.

शांति बर्धनांना दोन वर्षं मिळाली. त्या दोन वर्षांची अठ्ठावन्न झाली, ती ज्यांच्यामुळे, त्यांची नावंही आपल्या तोंडी असावीत: गुल बर्धन आणि प्रभात गांगुली.